सुगंधाबाईंच्या धुऱ्यावरची लांडोर

कॅलेंडर छापणाऱ्यांवर माझा फार जुना राग आहे. मोर म्हटला की पिसारा, पिसारा म्हटला की काळे ढग, आणि लांडोर? तिला चित्रात जागाच नाही. असलीच तर कोपऱ्यात, नवऱ्याचं कौतुक बघत बसल्यासारखी. साताऱ्याच्या कॉलेजात तीस वर्षं मी प्राणिशास्त्र शिकवलं. दर वर्षी फळ्यावर मोर काढला, पिसारा म्हणजे शेपूट नव्हे हे घसा फोडून सांगितलं, आणि दर वर्षी पोरांनी पेपरात 'मोराची लांब शेपटी' असंच लिहिलं. अहो, शेपूट त्या पिसाऱ्याच्या मागं असते, आखूड, तपकिरी, वीसेक पिसांची. तिच्या टेकूवर पिसारा उभा राहतो. पिसारा म्हणजे शेपटीच्या वरच्या बाजूची लांबच लांब वाढलेली पिसं. किती वेळा सांगायचं माणसानं!

पण माझी ही सगळी विद्या पुस्तकातली, हेही कबूल करते. पिंजऱ्यातले मोर पाहिले होते, संस्थानिकांच्या बागेतले पाहिले होते. मोकळ्या रानात, आपल्या मर्जीनं नाचणारा मोर मी साठी उलटेपर्यंत पाहिला नव्हता. हे माझी जुनी विद्यार्थिनी वैशाली हिला माहीत होतं. वैशाली मूळची कोरेगावची. लग्न होऊन यवतमाळकडे गेली आणि आता कळंब तालुक्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिचा फोन आला, "मॅडम, आमच्या शाळेच्या मागं तीन-तीन मोर नाचून राह्यले आणि तुम्ही तिकडं घरात बसून काय करता?" तिची भाषा आता निम्मी इकडची, निम्मी तिकडची झाली आहे.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात गेले आणि सहा दिवस राहिले. येऊन महिना झाला, तरी डोकं थंड होत नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

कळंब

वैशाली स्कूटर घेऊन स्टँडवर उभीच होती. आधी चिंतामणीचं दर्शन घेतलं. इथं देवाला भेटायला पायऱ्या चढायच्या नाहीत, उतरायच्या. आमच्याकडे प्रत्येक देव डोंगरावर जाऊन बसलेला, माझ्या गुडघ्यांना हा खाली राहणारा गणपती फार आवडला. मग तर्री-पोहे खाल्ले. पोह्यांवर लाल रस्सा ओतून खातात हे साताऱ्याच्या माणसाला पचायला जड जातं. मी हौसेनं 'अजून घाला' म्हणाले आणि पुढची दहा मिनिटं नाकाडोळ्यांतून पाणी गाळत बसले. दुकानदार कौतुकानं बघत होता.

तिथून निघालो तर रस्त्याच्या कडेला एक माणूस मोरपिसांचा भारा घेऊन उभा. झालं! मी स्कूटरवरून उतरले. मोर पिसारा टाकतो तो पावसाळा सरत आला की. जुलैत त्याचा पिसारा भर नाचाच्या कामावर असतो. मग एवढी ताजी, तेल लावल्यासारखी चकचकीत पिसं आली कुठून? गळलेलं पीस मी एका नजरेत ओळखते, त्याच्या देठाचं टोक निमुळतं आणि कोरडं असतं. उपटलेल्या पिसाला रक्त लागलेलं असतं, कातडी असते. मी एक पीस उलटं करून पाहिलं. देठ खालून छाटलेला. दुसरं पाहिलं, छाटलेला. सगळ्याच्या सगळ्या भाऱ्याची बुडं सारखी कापलेली!

"हे कापलं कशाला?" मी विचारलं.

"सारखे दिसते ना, ताई. शो येते."

"मोर मारून आणलेत की काय?"

"घ्याचं असन त घ्या, नाई त बाजूले व्हा," तो म्हणाला. "मोर काय मले पावती देऊन राह्यला का?"

मी तिथंच उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला देठ दाखवायला सुरुवात केली. एका बाईनं माझं सगळं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं, मान हलवली, आणि बाळकृष्णाच्या मुकुटाला म्हणून दोन पिसं विकत घेतली. माझ्यासमोर! वैशालीनं मला अक्षरशः ओढून स्कूटरवर बसवलं. "मॅडम, सहा दिवस राह्याचं आहे तुम्हाला. पहिल्याच दिवशी भांडण संपवू नका," ती म्हणाली.

शाळेमागचं पडीत

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता वैशालीनं मला शाळेमागच्या पडीक जमिनीवर आणून सोडलं. इकडे त्याला पडीत म्हणतात. रात्री पाऊस पडून गेला होता. काळी माती चपलेला अशी चिकटते की पाच पावलांत माणूस चार बोटं उंच होतो. सहाव्या पावलाला माझी उजवी चप्पल मातीनं ठेवून घेतली. तिला उपसून काढली, हातात धरली आणि एका बाभळीच्या झुडपामागं ओल्या गवतात पालथी पडले.

आणि मग तिघं दिसले. तीन मोर, तीन जागा, मध्ये पन्नास-साठ पावलांचं अंतर. एकमेकांच्या जागेत पाऊल टाकायचं नाही, टाकलं की मारामारी. प्रत्येकानं पिसारा उभारला आणि लांडोरींकडे आधी पाठ केली! चित्रात हे कोणी काढत नाही. मागून तो अगदीच साधा दिसतो, आखूड तपकिरी शेपटी आणि विटकरी पंख थरथरत असतात. लांडोर जवळ आली की गर्रकन वळायचं आणि सगळा पिसारा असा थरथरवायचा की सळसळ ऐकू येते. गंमत म्हणजे सगळी पिसं थरथरतात आणि त्यांवरचे डोळे मात्र जागच्या जागी थांबल्यासारखे दिसतात. मी गवतात पडल्या पडल्या 'अगं बाई, अगं बाई' म्हणत होते.

चार लांडोरी होत्या. कशा हिंडत होत्या म्हणून सांगू! भाजी बाजारात पिशवी घेऊन फिरणाऱ्या बाईसारख्या. या मोरासमोर थांब, दोन दाणे टिप, पुढं चल. निवड करायची ती लांडोरीनं, मोरानं नुसतं उभं राहायचं आणि पसंत पडायची वाट बघायची. अर्धा तास असा गेला. मग एक लांडोर मधल्या मोरासमोर खाली बसली, तो ओरडून धावला, तिच्या पाठीवर चढला, दोन-चार सेकंद, संपलं. तीस वर्षं जे शिकवलं ते डोळ्यांनी पाहिलं, आणि मला रडू आलं हे सांगायला लाज वाटत नाही.

"काय हरवलं वं माय? चप्पल का?"

मी दचकून वळले. डोक्यावर टोपलं, हातात खुरपं घेतलेली एक बाई माझ्या पायांशी उभी होती. वय माझ्याएवढंच. या सुगंधाबाई. शाळेच्या पलीकडे त्यांचं तीन एकर वावर आहे, वावर म्हणजे शेत. मी कशाला आले ते सांगितल्यावर त्या तिथंच उकिडव्या बसल्या.

"मोर पाह्याले साताऱ्याहून आल्या? अरे बाप्पा! आमी त याईले हाकलून हाकलून बेजार. तुरीच्या दोन ओळी खाल्ल्या माया."

"मग राग येत नाही?"

"येते ना. पण थे सापाचे पिल्लंही खाते, उधळीही खाते. चालाचंच." उधळी म्हणजे वाळवी.

मी म्हटलं, लोक म्हणतात मोर कधी लांडोरीजवळ जात नाही, त्याचे अश्रू पिऊन तिला अंडी होतात. सुगंधाबाई एवढ्या हसल्या की मोरानं पिसारा मिटला.

"रडून लेकरं होत असते त मले पंधरा झाले असते, बाई!"

अशी बाई मला कॉलेजात शिकवायला सहकारी म्हणून मिळाली असती तर काय बहार झाली असती!

सुगंधाबाईंचं वावर

त्यांनी दुसऱ्या दिवशी जेवायला बोलावलं. घरात बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली नातवंडांची बक्षिसं. ज्वारीची भाकर, झुणका, वर मूठभर सांभार. इकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं. 'सांभार टाकू का?' म्हटल्यावर मी 'नको, झुणक्यावर पातळ नको' म्हणाले आणि सुनेला हसू आवरेना.

जेवणावर पुन्हा मोराचा विषय निघाला. वैशालीच्या शेजारच्या कोणी सहलीत पांढरा मोर पाहिला होता, तो म्हणे वेगळ्या जातीचा. मी ताट बाजूला सारून सांगितलं की मोराच्या जाती तीनच. एक आपला निळा. दुसरा जावा-ब्रह्मदेशाकडचा हिरवा, त्याची मादी जवळजवळ नराइतकीच रंगीत. आणि तिसरा आफ्रिकेतल्या काँगोच्या जंगलातला, बेताचा, त्याला पिसाराच नाही. पांढरा तो आपलाच, रंग न भरलेला. सुगंधाबाई सगळं लक्ष देऊन ऐकत होत्या. हात धुतल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "चाला, तुमाले एक दाखोतो. पण बोलाचं नाई."

वावरात पऱ्हाटी गुडघ्याएवढी झाली होती. पऱ्हाटी म्हणजे कपाशी. सगळं रान निंदून लख्ख, आणि कडेच्या बांधाला, ज्याला इकडे धुरा म्हणतात, लागून एक पट्टा मात्र गवतानं माजलेला. माझ्या कपाळावर आठी आली असणार. सुगंधाबाई लिंबाखाली थांबल्या आणि धुऱ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. "मायाकडे पाहत पाहत पाहा," म्हणाल्या. त्यांच्या खांद्यावरून मी पाहत राहिले. गवत, वाळकी पानं, माती. पाच मिनिटांनी त्या मातीनं डोळ्याची पापणी मिटली. लांडोर बसली होती! तपकिरी पाठ, फिकट पोट, एवढा मोठा पक्षी वीस पावलांवर, आणि दिसत नव्हता. तिला रंग का नाही म्हणून नावं ठेवणाऱ्या प्रत्येकाला मला तिथं आणून उभं करायचं होतं. अठ्ठावीस दिवस ती एकटी बसते. मोर ढुंकूनही बघायला येत नाही.

"चार अंडे हायेत," सुगंधाबाई कुजबुजल्या. "बावीस रोज झाले आज."

मग त्यांनी सांगितलं. निंदायला बाया ओळीनं बसतात, प्रत्येकीच्या वाट्याला एक पात, म्हणजे निंदत पुढं जायची एक ओळ. जिच्या पातीत अंडी निघतील तिनं ती पात तशीच सोडायची, बाजूच्या बाईला मागच्या हातानं खूण करायची आणि पुढं सरकायचं. तोंडानं बोलायचं नाही. बोट दाखवायचं नाही. घरी सांगायचं नाही, नवऱ्यालाही नाही. अगदीच गरज पडली तर 'बाळंतिणीची जागा' म्हणायचं.

"तीन साल झाले, थे मायाच धुऱ्यावर येते," त्या म्हणाल्या. "पह्यल्या साली कोल्ह्यानं नेले. दुसऱ्या साली टॅक्टर गेला. मागच्या साली दिरानं तणाचं औषध मारलं, थे उठून गेली. एवढं शिवार पडलं, पण बसते मायाच वावरात. भरवसा असन ना तिले? यंदा मी पिल्लं पाहीनच, बाई. एकडाव पाहीन."

"बघालच," मी म्हटलं. "पण न बोलण्याची ही कसली रीत? बोलल्यानं काय होतं?"

"बोल्लं का मुंगसाले ऐकू जाते. माई सासू सांगे."

झालं, माझ्या अंगात शिक्षिका संचारली. मी म्हटलं, सुगंधाबाई, तुम्ही एवढ्या शहाण्या, आणि असल्या गोष्टींवर विश्वास ठेवता? मुंगसाला वास येतो, त्याला मराठी येत नाही. अंधश्रद्धा ती अंधश्रद्धाच, मग अश्रूंची असो की मुंगसाची. बराच वेळ बोलले मी. वावराच्या बाहेर आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "तरी नोका बोलू."

मी बरं म्हटलं.

शाळा

चौथ्या दिवशी शाळेत पर्यावरणाचा कार्यक्रम होता. तालुक्याहून एक पाहुणे व्याख्याते आले होते. पांढरे कपडे, कपाळाला गंध, आवाज असा गोड की मधमाश्या याव्यात. विषय राष्ट्रीय पक्षी. मला पहिल्या रांगेत बसवलं होतं, हीच मोठी चूक. सुरुवातीची दहा मिनिटं मी दात आवळून काढली. मग ते म्हणाले, "बालमित्रांनो, मोर हा आजन्म ब्रह्मचारी. तो लांडोरीला स्पर्शही करत नाही. त्याच्या डोळ्यांतून प्रेमाचे अश्रू ओघळतात, लांडोर ते प्राशन करते, आणि त्यातून तिला गर्भ राहतो."

शाळेत! विज्ञानाच्या बाई बाजूला बसलेल्या असताना! साठ पोरांसमोर! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वैशालीनं माझा पदर धरला होता, तो सोडवून मी उठले.

"हे धादांत खोटं आहे," मी म्हटलं. "कोंबडा-कोंबडीचं जसं, तसंच मोर-लांडोरीचं."

"ताई," ते मंद हसले, "विज्ञानाला सगळंच कळत नाही. आपण पाहिलंय का डोळ्यांनी?"

"पाहिलं! परवा, याच शाळेच्या मागं!"

पोरं हसली. मागून एक मुलगी म्हणाली, "हो सर, आमीबी पाह्यलं." शाळेच्या गुरुजींनी तिला खाली बसवलं.

"तुम्ही म्हणता म्हणून मानायचं?" व्याख्याते म्हणाले. "पुरावा काय?"

आणि मी, साताऱ्याच्या कॉलेजात तीस वर्षं शिकवलेली प्राध्यापिका, बोलले. "पुरावा हवाय? सुगंधाबाईंच्या वावराच्या धुऱ्यावर लांडोर चार अंड्यांवर बसलीय, तेवीस दिवस झाले. जाऊन बघा, आसपास कुठं रडणारा मोर सापडतो का ते!"

टाळ्या पडल्या. पोरांनी बाकं बडवली. व्याख्याते गोरेमोरे झाले आणि मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू, वीस वर्षांनी तरुण झाल्यासारखं. आता विचार करते तर त्या अंड्यांनी सिद्धही काही होत नव्हतं. अंडी ती अंडीच, ती कशी झाली हे काय त्यांच्यावर लिहिलेलं असतं? असा युक्तिवाद एखाद्या पोरानं पेपरात केला असता तर मी भोपळा दिला असता. पण टाळ्या पडत होत्या ना.

घरी आल्यावर चहा ठेवताना वैशाली म्हणाली, "मॅडम, जागा नको होती सांगायला."

"खरं बोलायला भ्यायचं कशाला?" मी म्हटलं.

धुरा

पाचव्या दिवशी सकाळी आम्ही दोघी बाभुळगावच्या बाजाराला गेलो. मला ज्वारी आणि तुरीची डाळ न्यायची होती. पाऊस भुरभुरत होता. दुपारी परतताना शाळेजवळच्या वळणावर वैशालीनं स्कूटर थांबवली. सुगंधाबाईंच्या वावरात आठ-दहा माणसं होती.

मी पऱ्हाटीतून धावत गेले, चप्पल कुठं राहिली ते कळलं नाही. व्याख्याते मध्यभागी उभे होते. गवताचा पट्टा तुडवून तुडवून चिखल झालेला. लांडोरीला हाकलून दिलं होतं, सकाळी नऊलाच, असं एकानं मला कौतुकानं सांगितलं. ती दोनदा परत आली होती, पण चित्र नीट यावं म्हणून त्यांनी तिला पुन्हा उडवलं. अंडी खळग्यातून काढून एका पांढऱ्या दुपट्ट्यावर ओळीनं मांडली होती, पावसात. आणि व्याख्याते मोबाईलसमोर हात जोडून सांगत होते, "बंधूंनो, पहा! ही अश्रूंतून जन्मलेली अंडी. आसपास एकही मोर नाही. हा चमत्कार नव्हे तर काय?"

माझेच शब्द! माझाच पुरावा! मी काय काय ओरडले ते मला आठवत नाही. कायदा सांगितला, तुरुंग सांगितला. मोराच्या अंड्याला हात लावणं हाही गुन्हा आहे. तुरुंगाचं नाव निघताच मंडळी पांगली. एकानं घाईत दुपट्टा ओढला आणि एक अंडं दगडावर गेलं.

तेवढ्यात सुगंधाबाई आल्या. दुसऱ्यांच्या वावरात मजुरीला गेल्या होत्या, कोणीतरी सांगितलं म्हणून पळत आल्या. पदर खांद्यावरून ओघळलेला, श्वास लागलेला. त्यांनी तुडवलेलं गवत पाहिलं, अंडी पाहिली.

"कोणं सांगतलं याईले?"

वैशाली खाली बघत होती. मी म्हटलं, "मी सांगितलं. काल शाळेत."

"कायले?"

"ते अश्रूंचं सांगत होते. खोटं. मला राहवलं नाही."

"मंग?" त्यांचा आवाज चढला. "त्यानं खोटं सांगतलं त तुमचं काय जात होतं, बाई? मायं जात होतं! मी सांगतलं होतं ना तुमाले? सांगतलं होतं का नव्हतं? दिराले नाई सांगतलं मी, लेकाले नाई सांगतलं. तुमाले दाखोलं, शिकेलसवरेल बाई म्हून!"

"चुकलं माझं, सुगंधाबाई."

"तुमी जिंकल्या ना काल? लय टाळ्या वाजल्या म्हणे. मंग हारलं कोण?"

त्या गुडघ्यांवर बसल्या आणि फुटलेलं अंडं ओंजळीत घेतलं. मी आयुष्यभर प्रयोगशाळेत कोंबडीची अंडी फोडून पोरांना गर्भ दाखवला आहे. हा इतक्या तासांचा, हा इतक्या दिवसांचा, नजरेनं ओळखते मी. हे पिल्लू पुरं होत आलं होतं. पाठीवर ओली तपकिरी लव, पंखांवर पिसांच्या काड्या. मोराची पिल्लं पंख घेऊनच बाहेर येतात, आठ-दहा दिवसांत फडफडत खालच्या फांदीवर बसतात. याला आणखी चार दिवस हवे होते.

वैशाली म्हणाली, वनखात्याला फोन करू. "कायदा काय अंडे उबवन?" सुगंधाबाई म्हणाल्या. त्यांच्या सुनेची कोंबडी खुडूक होती, तिच्याखाली ठेवू का, असंही त्यांनीच विचारलं, आणि स्वतःच नको म्हणाल्या. "माय जिती हाय त्याईची. थे आली मंग?" तीन अंडी त्यांनी पदरानं पुसली, खळग्यात होती तशी ठेवली आणि तुडवलेलं गवत हातानं उभं करून पाहिलं. ते उभं राहत नव्हतं.

आम्ही लिंबाखाली बसलो, धुऱ्याकडे पाठ करून. चार वाजता ती आली. शेजारच्या तुरीतून मान काढून तिनं बराच वेळ पाहिलं, मग धुऱ्यावर चढली, खळग्यापाशी गेली, मान वाकवली. सुगंधाबाईंनी माझा हात घट्ट धरला होता, कदाचित हात कोणाचा ते विसरून. लांडोर तिथं उभी राहिली, दोनदा पाय उचलून ठेवला. बसली नाही. आडोसा राहिलाच नव्हता, चारी बाजूंनी उघडं पडलं होतं. ती चालत तुरीत निघून गेली. अंधार पडू लागेपर्यंत आम्ही तिथंच होतो.

निघण्याचा दिवस

सकाळी मी एकटीच वावरात गेले. सुगंधाबाई माझ्याआधी आल्या होत्या. खळग्यात टरफलं होती, आतून चाटून साफ केलेली. मुंगूस असेल नाहीतर कोल्हा. मी टरफलं उलटून बघायला वाकले आणि मग सरळ उभी राहिले, कारण कोणतं जनावर होतं हे कळून आता कोणाला काय करायचं होतं?

सुगंधाबाईंचा राग उतरला होता. उतरायला नको होता असं मला वाटलं. त्यांनी मला खाली बसायला सांगितलं आणि म्हणाल्या, "बाई, तुमी शिकेल हा. एक सांगा. आता थे या साली आणखी अंडे घालन का?"

लांडोरीची अंडी हंगामाच्या सुरुवातीला गेली तर ती पुन्हा घालू शकते. जुलै संपत आल्यावर, तेवीस-चोवीस दिवस उपाशीतापाशी बसून झाल्यावर, आशा ठेवण्यात अर्थ नसतो. हा प्रश्न मी किती वर्षं परीक्षेत घातला, आणि उत्तर येणाऱ्याला पुरे मार्क दिले.

"नाही," मी म्हटलं.

"पुढच्या साली येईन? याच जागी?"

"सांगता येत नाही."

"हं." त्यांनी टोपल्यातून दोन खुरपी काढली. एक स्वतः घेतलं, दुसरं माझ्यासमोर धरलं.

"मंग धरा. गवत आता कायले ठेवू?"

मी खुरपं घेतलं. त्यांनी धुऱ्याच्या बाजूची पात घेतली, मला आतली दिली. मला नीट निंदता येत नव्हतं, मुळं मातीतच राहत होती. त्या मध्येच हात लांब करून माझी राहिलेली मुळं उपटत होत्या आणि पुढं सरकत होत्या. वैशाली मला न्यायला आली तेव्हा पट्ट्याच्या मधोमध, त्या खळग्यापाशी, आम्ही पोचलो होतो. मी थांबले. सुगंधाबाईंनी खळग्यात हात घालून टरफलं बाहेर टाकली, माती सारखी केली, आणि मला म्हणाल्या, "थांबू नोका, बाई. तुमच्या पातीत येते हे."